टाकणखाराचा गोळा

वाईत गंगापुरीच्या एका बोळात कुंकू करणारं एक घर होतं. रंगात बुडवलेली भुकटी नव्हे, अस्सल हळदीचं कुंकू, देवाला वाहायचं. तोवर दुकानांत टिकल्यांची पाकिटं लोंबायला लागली होती, पोरीबाळी कुंकवाकडं ढुंकून बघत नव्हत्या. पण देवीला काही टिकली लावता येत नाही, म्हणून या घराची चूल पेटत होती. त्या घरची थोरली सून चारुशीला. तिची ही गोष्ट. गोष्ट कसली, पोटातली आग आहे. पण सांगायला तर पाहिजे.

घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या, मधे एक उंबरा. अलीकडच्या खोलीत हळद दळायची आणि पलीकडच्या खोलीत तिचं कुंकू करायचं. सांगलीहून हळकुंडांची पोती यायची. ती फोडायची, चक्कीवर दळायची, चाळायची. मग टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, गरम पाण्यात विरघळवायचा, त्यात लिंबू पिळायचं आणि त्या पाण्यात ही पिवळीधमक पूड मळायची. मळता मळता ती तांबडी होते. रंग घालावा लागत नाही, हळद आणि टाकणखार भेटले की आपोआप होतं. आणि एकदा तांबडी झाली की तिला कुंकू म्हणायचं, आणि कुंकू म्हटलं की विधवेनं शिवायचं नाही. हा त्या घराचा कायदा होता.

आता गंमत बघा. हळद चारुशीलेनं दळलेली चालायची. टाकणखार तिनं उकळलेला चालायचा. लिंबं तिनं चिरलेली चालायची, रिकाम्या डब्यांवर लेबलं तिनं डकवलेली चालायची. ही सगळी मंडळी परातीत एकत्र आली, की तिनं उंबऱ्याच्या अलीकडं व्हायचं. हे कुठल्या पोथीत लिहिलंय, ते विचारायची सोय नव्हती. नाकातोंडात जाणारं, कंबर मोडणारं काम नेमकं अलीकडच्या खोलीत आणि पंख्याखाली बसून मळायचं काम पलीकडच्या खोलीत, हा आपला योगायोग समजायचा.

चारुशीलेचा नवरा पसरणीच्या घाटात जीप उलटून गेला, तेव्हा ओवी जेमतेम बालवाडीत जात होती. तेरावं उरकल्यावर सासूनं, रंगुबाईनं, सुनेला मागच्या खोलीत नेलं आणि उंबऱ्याच्या अलीकडची जागा दाखवली. त्याच जागेवर रंगुबाई स्वतः विधवा झाल्यापासून बसत आली होती. एके काळी तिच्या हातचं कुंकू साताऱ्या-कऱ्हाडापर्यंत नावाजलेलं; पण नवरा गेला त्या दिवसापासून तिनं परातीत बोट घातलं नाही. उंबऱ्यापाशी पाटावर बसून नुसत्या वासावरून ती सांगायची, लिंबू कमी पडलं, टाकणखार जास्त झाला. आत धाकटी सून मयूरी तिचं ऐकून मळायची, कधी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. माणसाला वाटतं, जिनं स्वतः सोसलंय ती दुसरीला थोडी सूट देईल. कुठली सूट अन् कुठलं काय! मी निभावलं, आता तू निभाव, एवढंच सोसलेल्या माणसाला सुचतं.

चारुशीलेनं तेही गिळलं. तिचं माहेर पलूसचं, माणसं राबणारी, कामाचा तिला कंटाळा नव्हता. हात कायमचे पिवळे झाले, खोकला लागला, पण तिची चक्की थांबली नाही. तिचा सगळा जीव ओवीत होता. पोरगी हुशार, अक्षर मोत्यासारखं. शिकेल, मास्तरीण होईल, आपल्याला या धुळीतून काढेल, असं काहीतरी तिच्या मनात असायचं. ते ती कोणाजवळ बोलायची नाही.

आणि तिसरीत असताना ओवी नदीच्या घाटाच्या पायऱ्यांवरून पडली. उजवं कोपर मोडलं. दीर चिंतामण तिला सायकलवर घालून जवळच्याच एका गावात हाडवैद्याकडं घेऊन गेला. साताऱ्याला नेऊ या, असं चारुशीला म्हणत होती. चिंतामण बी. कॉम. झालेला, रोज पेपर वाचणारा, जगात काय चाललंय ते सगळ्या आळीला सांगणारा. पण साताऱ्याला जाण्यात दिवस मोडतो म्हणाला. वैद्यानं बांबूच्या कामट्या घालून पट्टी अशी करकचून आवळली, की पोरीची बोटं निळी पडली. ती रात्रंदिवस रडली. दुखणारच, म्हणाले सगळे. पट्टी सोडली तेव्हा कोपर सरळ झालं होतं आणि बोटं वाकडी. करंगळीपासून चारही बोटं अर्धवट मिटलेली, धड उघडत नव्हती की धड मिटत नव्हती. पेन्सिल धरली की खाली पडायची.

मग साताऱ्याला नेलंच. तिथं दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी ओवीचा हात हातात घेतला, बराच वेळ बोटं चाचपली आणि चारुशीलेला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. आतले स्नायू आखडलेत. वय लहान आहे, सुटतील. पण रोज ताण द्यायला हवा. दाबायचं, ओढायचं, पुन्हा दाबायचं. हयगय केली तर बोटं अशीच धरून राहतील आणि मग कोणाच्या बापाला उघडायची नाहीत. बोलताना त्यांनी कपाटातून एक गुलाबी गोळा काढून ओवीच्या हातात दिला. परदेशातून कोणीतरी आणलेला. चिवट, गार, ओढला की लांबच लांब तार निघायची, दाबला की बोटांच्या फटींतून वर यायचा, तरी हाताला चिकटायचा नाही. पडल्यापासून ओवी पहिल्यांदा हसली ती तिथं. हा इथं मिळत नाही, बाई म्हणाल्या, तुम्ही कणकेचा गोळा वापरा.

कणकेनं काय होतंय! सकाळचा गोळा दुपारी सैल पडायचा, संध्याकाळी आंबायचा. ओवीला त्याचा वास यायचा. रंगुबाई अन्नाची नासाडी म्हणून वेगळीच तणतणायची. चारुशीलेनं चिखल आणला, तो वाळला. मेण आणलं, ते तुटायचं. पोरीची बोटं रोज थोडी जास्त मिटतायत असं तिला वाटायला लागलं, आणि तिच्या घशाखाली घास उतरेना.

अशात एके दुपारी ती डब्यांवर लेबलं डकवत बसली होती. वाटीत फेव्हिकॉल पाणी घालून सैल केलेला, शेजारी टाकणखाराच्या पाण्याचं पातेलं निवत ठेवलेलं. उठताना पदर लागला आणि वाटी पातेल्यात उलटली. आता सासूबाई घर डोक्यावर घेणार. काठीनं ती ढवळायला गेली, तर काठीला काहीतरी गुंडाळून आलं. पांढरं, थुलथुलीत, टरफल काढलेल्या अंड्यासारखं. तिनं हात घालून ते बाहेर काढलं, पिळलं, मळलं. सुरुवातीला हाताला चिकटलं, मग सुटलं, आणि मळता मळता असा चिवट, मऊ गोळा झाला, की तिनं दोन्ही हातांनी ओढला तर त्याची हातभर दोरी लोंबायला लागली.

तिनं ओवीला हाक मारली. ओवीनं बघितलं आणि नाक मुरडलं. शेंबूड आहे म्हणाली. खरंच तसा दिसत होता, चारुशीलेलाही हसू आलं. मग पोरीला आवडावा म्हणून तिनं शेजारची चिमूटभर हळद त्यावर टाकली आणि मळायला घेतला. पिवळा होईल असं तिला वाटलं होतं. इतकी वर्षं ज्या घरात हेच चालतं त्या घरातल्या बाईला हे सुचू नये? नाही सुचलं. तिच्यासाठी हळद म्हणजे पिवळी. नवरा होता तोवर तिच्याकडं स्वयंपाकघर आणि परात मयूरीकडं; पुढचं तिनं लांबून बघितलेलं, हातांनी कधी केलेलं नव्हतं. गोळा आधी केशरी झाला, मग विटकरी, मग लालबुंद. आणि नुसता गोळा नाही, तिचे हळदीनं माखलेले तळवेही तांबडे झाले.

ती हातांकडं बघत बसली. कोणी बघितलं तर, ही भीती आधी यायला हवी होती. पण खरं सांगायचं तर आधी तिला बरं वाटलं. हात छान दिसत होते. लग्नात असे दिसले होते. भीती मागून आली, आणि तिनं पटकन पदराखाली हात घेतले.

पण ओवीनं तोवर गोळा उचलला होता. ओढत होती, तुटला की जोडत होती, फरशीवर आपटून हसत होती. उजव्या हातानं. कणकेला ती उजवा हात लावायलासुद्धा कुरकुरायची. ते बघितल्यावर चारुशीलेनं ठरवलं, काय व्हायचं ते होऊ दे.

त्यानंतर रोज दुपारी घर झोपलं की अलीकडच्या खोलीत मायलेकींचा हा खेळ चालायचा. चारुशीला आता त्यात तरबेज झाली. फेव्हिकॉलइतकंच पाणी, टाकणखार चमचाभर, तोही गरम पाण्यात पुरता विरघळलेला; जास्त झाला की गोळा कडक होऊन तुटतो, कमी पडला की हाताला चिकटतो. ओवीच्या बोटांत जोर येईल तसा ती गोळा थोडा थोडा घट्ट करत गेली. दाब, ओढ, पुन्हा दाब. काही आठवड्यांत अंगठ्याजवळचं बोट पूर्ण उघडलं. मग मधलं. पेन्सिल हातात राहायला लागली. अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण अक्षर. साताऱ्याच्या बाई म्हणाल्या, हे जे काही करताय ते थांबवू नका, आत्ता थांबलात तर सगळं पाण्यात जाईल. चारुशीलेनं गोळा दाखवला. बाई चकित झाल्या. घरी केलात? टाकणखारानं? त्यांनी तो स्वतः ओढून बघितला. त्या दिवशी एसटीत खिडकीजवळ बसून येताना चारुशीलेला पुष्कळ दिवसांनी भूक लागली, आणि तिनं पाचवडला दोघींसाठी वडापाव घेतला.

हात धुतले तरी तांबडेपणा पूर्ण जात नव्हता. ती सोड्यानं घासायची, तर तो उलट चढायचा. मग ती लिंबानं घासायला लागली. मयूरीनं बघितलं असेल, पण ती काही बोलली नाही. मयूरी तशी वाईट बाई नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं तुम्ही तिला शिव्या घालाल.

साताऱ्याचे घाऊक व्यापारी सिद्धाप्पाशेठ देवीच्या उत्सवाच्या आधी माल ठरवायला आले, तो दिवस वाईट उगवला. मयूरी माहेरी गेलेली. चहा घेऊन चारुशीलेला बाहेर यावं लागलं. आत्ताच ती खेळावरून उठली होती, हात नुसते पाण्याखाली धरून आली. शेठनी कप घ्यायला हात पुढं केला आणि मधेच थांबले. तिच्या तळव्यांकडं बघितलं, मग तिच्या मोकळ्या कपाळाकडं, मग चिंतामणकडं. कप त्यांनी घेतला, पण ओठाला लावला नाही. कुंकवाचं काम आता कोण करतं, एवढंच त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं. धाकटी करते, चिंतामण म्हणाला. असं होय, शेठ म्हणाले, आणि माल नंतर कळवतो म्हणून चप्पल घालून चालते झाले.

कळवतो म्हणजे काय ते व्यापाऱ्याच्या घरात शेंबड्या पोराला कळतं. आणि शेठ एकटेच थोडे होते! वाईतल्या दोन दुकानदारांनी त्याच आठवड्यात डबे परत पाठवले. बायका घाटावर धुणं धुताना बोलायला लागल्या, की त्या घरी कुंकू विधवेच्या हातून जातंय.

संध्याकाळी माजघरात सगळी बसली. चारुशीलेला समोर उभं केलं. तिनं काहीही लपवलं नाही. गोळा आणून पुढ्यात ठेवला, कसा होतो ते सांगितलं, ओवीला बोलावून बोटं उघडून दाखवली. कुंकवाच्या परातीला माझं बोट लागलेलं नाही, ओवीची शपथ, म्हणाली. चिंतामणनं गोळा उचलून निरखला, थोडा ओढूनही बघितला. त्याला कळत होतं सगळं. कॉलेजात शिकलेला माणूस, हळदीचा रंग का पालटतो हे त्याला सांगायला नको होतं.

"वहिनी, मी मानत नाही हो असलं," तो म्हणाला. "पण गिऱ्हाईक मानतं."

झालं. हे वाक्य बोलणाऱ्या माणसांनी जेवढं वाटोळं केलंय, तेवढं मानणाऱ्यांनीही केलं नसेल. मानणारा निदान देवाला भितो.

चारुशीला म्हणाली, मी हळद घालत नाही, पांढराच करते. तो म्हणाला, हाताला हळद असतेच की, हात तांबडे व्हायचे ते होणारच. ती म्हणाली, मग मला हळदीतून काढा, दुसरं काहीही काम द्या. पण मग हळद दळणार कोण? ती रंगुबाईकडं वळली. आत्याबाई, तुमचीच नात आहे, म्हणाली. म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं.

"मला वाटत नसंल का हात घालावा परातीत?" रंगुबाई म्हणाली. "माझ्या हातचं कुंकू हुतं त्ये. पर न्हाई घातला. टाकणखाराचा डबा आजपासनं पलीकडच्या खोलीत ऱ्हाईल."

चारुशीला दुसऱ्या दिवशी ओवीला घेऊन पलूसला गेली. भाऊ आकाराम शेतात होता, तो धावत आला, भाचीला कडेवर घेतलं, कोंबडं कापलं. रात्री जेवण झाल्यावर तिनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, मला इथं राहू दे, मी मजुरीला जाईन, फक्त पोरीचा हात सुटेपर्यंत. आकाराम बराच वेळ सुपारी कातरत बसला. त्याची बायको आत भांडी जरा जोरात ठेवत होती.

"आक्का, ऱ्हा की चार दिस, न्हाई कोण म्हणतंय," तो शेवटी म्हणाला. "पर एका गोळ्यापायी घर मोडतीस व्हय? उद्या पोरीच्या लग्नाला त्येच घर लागणार हाय."

भाऊ चांगला होता. सगळेच चांगले होते, हीच तर रड आहे. एक जरी माणूस सरळसरळ दुष्ट निघाला असता, तर तिनं त्याच्याशी भांडून वाट काढली असती. चार दिवसांनी तिनं वाईची एसटी धरली. निघताना पलूसच्या सोनाराकडून, दागिना सांधायला तो वापरतो तो टाकणखार, तिनं पदरात बांधून आणला होता. तो तिनं घरी धान्याच्या कणगीमागं लपवला आणि दुपारी काढायला गेली, तर जागेवर नव्हता. कोणी घेतला ते तिनं विचारलं नाही.

ओवीची बोटं पुन्हा आखडायला लागली. सकाळी उठल्यावर आई तिच्या हाताला तेल लावून एकेक बोट हळूहळू उघडायची, आणि पोरगी दात चावून बसायची. मधलं बोट पुन्हा अर्ध्यावर येऊन थांबलं. चारुशीलेनं एकदा भरल्या ताटावरून उठून सासूच्या पायांवर डोकं ठेवलं. तरी काही हललं नाही.

आणि मग मयूरीनं तोड काढली. ती माहेराहून आल्यापासून गप्पगप्पच होती. पोरीचा हात तिलाही बघवत नव्हता.

"ओवीला चालतंय की," ती एके सकाळी परातीपुढं बसता बसता म्हणाली. "कुमारिका हाय ती. माज्याजवळ बसंल, कुंकू मळंल. त्येबी दाबायचंच काम हाय. हात सुटंल, आन् लोकांस्नीबी काय बोलायला न्हाई."

सगळ्या घरानं सुटकेचा निःश्वास टाकला. किती सोपं होतं! रंगुबाईला ते देवीनंच सुचवलं असं वाटलं. चिंतामण म्हणाला, बघा वहिनी, मार्ग निघतो, माणसानं डोकं शांत ठेवावं लागतं. चारुशीलेनं विचारून बघितलं, की मयूरीनं गोळाच करून दिला तर? मयूरी तयारही होती. पण एकाच कामासाठी दोन दोन खटाटोप कशाला, असं ठरलं. मळणं ते मळणंच. आणि चारुशीलेला नाही म्हणता येईना, कारण मळण्यानं खरंच हात सुटणार होता. पोरीचा हात पाहिजे होता ना तुला? घे मग.

ओवी उंबरा ओलांडून पलीकडं गेली. पहिले काही दिवस वाईट गेले. लिंबाचा रस बोटांच्या चिरांत शिरला की ती कळवळायची, आणि आई अलीकडं चक्की थांबवून उभी राहायची. मग मयूरीनं तिला खोबरेल लावायला शिकवलं, छोटी परात दिली. पोर रमली. मयूरी तिला गाणी म्हणून दाखवायची, तिच्या कपाळावर ताज्या कुंकवाचं बोट लावायची. रंगुबाई पाटावरून माप सांगायची, आणि ओवी ते मयूरीपेक्षा मन लावून ऐकायची. म्हातारीचा जीव नातीवर जडला. आपला हात हिला आलाय, म्हणायची.

ही बातमी चिंतामणनंच बाजारात सोडली. सिद्धाप्पाशेठ पुन्हा आले. त्यांनी पलीकडच्या खोलीत डोकावून परातीपुढं बसलेली, परकर-पोलक्यातली पोर बघितली, आणि त्यांचे डोळे भरून आले. उत्सवाचा सगळा माल त्यांनी उचलला. पुढच्या खेपेला नवीन लेबलं छापून आली. 'कुमारिकेच्या हातचे शुद्ध हळदीकुंकू.' डबे तेव्हा रिकामेच असायचे, म्हणून ती डकवायचं काम चारुशीलेकडंच होतं.

मागणी वाढली. आधी ओवी शाळेच्या आधी बसायची, मग शाळेनंतरही. चैत्रात तर तिची शाळेला दांडीवर दांडी पडायला लागली. चारुशीलेनं हरकत घेतली, तेव्हा चिंतामण म्हणाला, वहिनी, हात महत्त्वाचा की शाळा, तुम्हीच ठरवा. चौथीच्या परीक्षेत ओवी कशीबशी पास झाली. ती म्हणाली, मला नाहीच आवडत शाळा, तिथं सगळे माझ्या हाताला हसतात, इथं आजी शाबासकी देते.

साताऱ्याच्या बाईंनी हात बघितला आणि त्या खूश झाल्या. जवळजवळ सगळं सुटलंय, फक्त मूठ घट्ट मिटायची राहिली, तीही मिटेल. तो गोळा चालू आहे ना? चारुशीला म्हणाली, गोळा नाही, कुंकू मळते. बाईंना ते फार आवडलं. आपल्या जुन्या लोकांना किती कळत होतं, असं काहीतरी त्या म्हणाल्या. चारुशीलेच्या जिभेवर पुष्कळ आलं होतं. पण बाहेर माणसं खोळंबली होती, आणि सांगायचं तरी काय? पोरीचा हात बरा होतोय, ही तक्रार कोणापुढं करायची?

नवरात्राच्या तोंडावर कामाची झुंबड उडाली. चारुशीला हळकुंडं फोडत होती, नाकाला फडकं बांधून, अंगभर पिवळी. आतून ओवीनं हाक मारली. नेहमीसारखी नव्हे, घाईघाईनं मारलेली हाक. चारुशीला उठून उंबऱ्याशी गेली. ओवी समोर उभी होती, कोपरापर्यंत तांबडी.

"आई, बघ."

तिनं उजवा हात पुढं केला आणि बोटं मिटली. करंगळी, मग तिच्याजवळचं, मधलं, अंगठ्याजवळचं, आणि वरून अंगठा. घट्ट मूठ. पक्की, मधे फट नाही. हीच मूठ बघायला चारुशीलेनं दीड-दोन वर्षं तेल लावलं होतं, एसट्या पकडल्या होत्या, सासूच्या पायांवर डोकं ठेवलं होतं. तिनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि ती मूठ धरायला दोन्ही हात उंबऱ्यापलीकडं नेले.

ओवीनं हात मागं घेतला. झटकला नाही, रागावली नाही. काठोकाठ भरलेलं भांडं सांभाळून बाजूला घ्यावं तसा घेतला.

"थांब गं, तू नको शिवू," ती समजुतीनं म्हणाली. "कुंकवाचा हात आहे. धुऊन येते, मग धर."

आणि ती मोरीकडं गेलीसुद्धा.

"शानी हाय गं पोर," पाटावरून रंगुबाई म्हणाली. "सांगावं लागलं न्हाई."

नवरा गेला तेव्हा चारुशीला या माणसांपुढं रडली नव्हती. दुकानांतून डबे परत आले, पलूसहून परत फिरावं लागलं, तेव्हाही नाही. आता ती उंबऱ्याशी उभी राहून सगळ्यांदेखत हमसाहमशी रडायला लागली, आणि मयूरीनं पाणी आणलं, चिंतामणनं आत येऊन काय झालं म्हणून विचारलं. पोरीची मूठ मिटली, रंगुबाईनं त्याला सांगितलं, आईच ती, आनंदानं रडणारच.